परवानगी कोणाची, पारखणार कोण?

शुक्रवार, १८ जुलै २०२५ रोजी नेदरलँड्समधील ‘आय सिक्युरिटी’ या संगणक-सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांना आपल्या एका ग्राहकाच्या सर्व्हरवर परकी फाइल आढळली. ती कोणीतरी बाहेरून आणून ठेवली होती, हे उघड होते. ठेवणारा आत आला कसा, हे मात्र कळेना. नोंदी तपासल्या तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. येणाऱ्याने नाव सांगितले नव्हते, पासवर्ड दिला नव्हता. आपण ‘साइन आउट’च्या, म्हणजे बाहेर पडण्याच्या पानावरून येत आहोत, एवढेच त्याने सर्व्हरला सांगितले होते, आणि सर्व्हरने त्याला पुढे जाऊ दिले होते.

हा सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या ‘शेअरपॉइंट’ या प्रणालीचा होता. पुढच्या काही दिवसांत जगभरातील चारशेहून अधिक यंत्रणांमध्ये अशीच घुसखोरी झाल्याचे या कंपनीने जाहीर केले. अमेरिकेतील अण्वस्त्रसाठ्याची जबाबदारी असलेल्या संस्थेलाही या हल्ल्याची झळ पोहोचली, असे तेथील ऊर्जा खात्याने मान्य केले. नुकसान अगदी मर्यादित होते, अशी पुस्तीही त्याने जोडली. मायक्रोसॉफ्टने या हल्ल्यांमागे चीनशी संबंधित तीन गट असल्याचे म्हटले.

घटनेची बातमी झाली, हेरगिरीची चर्चा झाली, दुरुस्त्या बसवल्या गेल्या आणि विषय मागे पडला. परंतु या घटनेच्या मुळाशी असलेला प्रश्न चीन-अमेरिका संघर्षापुरता मर्यादित नाही. कार्यालयांचे, रुग्णालयांचे, बँकांचे आणि सरकारी खात्यांचे कामकाज आता सामायिक संकेतस्थळांवर चालते. एकच कागद दहा जण पाहतात, चार जण सुधारतात आणि उरलेल्या हजारोंनी तो पाहू नये, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पूर्ण होते की नाही, हे ठरवणारा चौकीदार माणूस नसून आज्ञावलीच्या काही ओळी असतात. त्या ओळी नेमके काय विचारतात, कोणाच्या वतीने विचारतात आणि त्यांना मिळणारे उत्तर कितपत खरे असते, याचा विचार तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत. तो सर्वांनीच करण्याची वेळ आली आहे.

दोन वेगळे प्रश्न

शेअरपॉइंट २००१ साली बाजारात आले. फायलींचे कपाट, सूचनाफलक, कामांच्या याद्या आणि मंजुरीची टिपणे अशा कार्यालयातील निरनिराळ्या गोष्टी एकाच संकेतस्थळावर आणणारी ही प्रणाली अल्पावधीत जगभरच्या संस्थांमध्ये रुजली. अशा कोणत्याही प्रणालीला दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, ‘तू कोण आहेस?’ दुसरा, ‘तुला हे करण्याचा अधिकार आहे काय?’ पहिल्या प्रश्नाला पासवर्ड, मोबाइलवर येणारा संकेतांक किंवा ओळखपत्र हे उत्तर असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र परवानग्यांच्या यादीत शोधावे लागते. सर्वसामान्य माणूस पहिल्या प्रश्नालाच सुरक्षा समजतो. प्रत्यक्षात अडचणी मोठ्या प्रमाणावर उद्भवतात त्या दुसऱ्या प्रश्नात. संकेतस्थळांमधील धोक्यांची क्रमवारी लावणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या यादीत ‘प्रवेशाधिकाराच्या तपासणीतील दोष’ २०१७ साली पाचव्या स्थानी होता. २०२१च्या यादीत तो पहिल्या स्थानी गेला आणि २०२५च्या यादीतही तेथेच आहे.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते? शेअरपॉइंटमध्ये वाचणे, भर घालणे, सुधारणे, खोडणे, दुसऱ्याला परवानगी देणे अशा प्रत्येक कृतीसाठी एक स्वतंत्र खूण ठरलेली आहे. या खुणा ६४ बिटांच्या एका संख्येत साठवल्या जातात. ज्या कृतीची परवानगी आहे तिचा बिट एक, जिची नाही तिचा शून्य. केवळ वाचक, भर घालणारा, पूर्ण नियंत्रण असणारा अशा पातळ्या म्हणजे या खुणांचेच ठरावीक संच होत. या पातळ्या व्यक्तीला किंवा गटाला दिल्या जातात आणि वरच्या संकेतस्थळाकडून खालच्या दप्तराकडे, दप्तराकडून कागदाकडे वारशाने उतरतात. आज्ञावली लिहिणारा एका ओळीत प्रणालीला विचारू शकतो, ‘या व्यक्तीला या यादीतील ही नोंद बदलता येते काय?’ उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते.

इतकी सोपी गोष्ट बिघडते कशी? त्याचे चार मार्ग आहेत. कधी प्रश्नच विचारला जात नाही, कधी तो भलत्याच्या नावाने विचारला जातो, तर कधी चुकीच्या वेळी. चौथा मार्ग सर्वात उपेक्षित आहे. प्रश्न योग्य असतो, योग्य वेळी विचारला जातो, पण ज्या यादीवरून उत्तर द्यायचे ती यादीच खोटी झालेली असते.

जेथे प्रश्नच विचारला गेला नाही

जुलै २०२५मधील घुसखोरी पहिल्या प्रकारात मोडते. जो माणूस बाहेर पडला आहे त्याला ‘आपण बाहेर पडलात’ असे सांगणारे पान दिसले पाहिजे, आणि त्या क्षणी त्याची ओळख प्रणालीजवळ उरलेली नसते. म्हणून त्या पानाला ओळख-तपासणीतून सूट देण्यात आली होती. ही सूट देताना विनंती त्या पानासाठी आहे काय, एवढेच पाहायला हवे होते. ती त्या पानावरून आल्याचे सांगते काय, हेही सुटीस पात्र मानले गेले. आपण कोठून आलो हे सांगणे तर येणाऱ्याच्याच हाती असते. हल्लेखोरांनी तेवढे खोटे सांगितले आणि पानांच्या रचनेत बदल करणाऱ्या आतल्या पानापर्यंत ते ओळखीविना पोहोचले. तेथील दुसऱ्या दोषाचा लाभ घेऊन त्यांनी सर्व्हरवर स्वतःची आज्ञावली चालवली.

यातील खेदाचा भाग असा की, हा दोष अचानक उघडकीस आलेला नव्हता. मे २०२५मध्ये बर्लिन येथील ‘पॉन टू ओन’ स्पर्धेत एका व्हिएतनामी संशोधकाने तो दाखवून एक लाख डॉलरचे बक्षीस मिळवले होते. मायक्रोसॉफ्टने ८ जुलै रोजी दुरुस्तीही दिली. पण ती दुरुस्ती त्या विशिष्ट पानाचे नाव पाहून अडवत होती. पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेघ जोडताच ती निष्प्रभ ठरली. नाव पाहून अडवणे आणि अधिकार पाहून सोडणे यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

हल्लेखोरांनी नेली ती वस्तूही लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांना कागदपत्रांपेक्षा सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या हव्या होत्या. या किल्ल्यांनी सर्व्हर आपल्या कागदांवर मोहोर उठवतो. मोहोर चोराच्या हाती गेली की, त्याने आणलेला कागद सर्व्हरला स्वतःचाच वाटतो. त्यामुळे दोष दुरुस्त केल्यावरही किल्ल्या बदलल्या नाहीत, तर चोर पुन्हा येऊ शकत होता. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरांवर चालणाऱ्या शेअरपॉइंटपुरताच हा दोष होता. मायक्रोसॉफ्टच्या मेघसेवेतील आवृत्तीला त्याची बाधा झाली नाही.

याच प्रकारातील दुसरे उदाहरण अधिक साधे आहे आणि म्हणूनच अधिक बोचरे. मे २०१९मध्ये ब्रायन क्रेब्स या अमेरिकी पत्रकाराने ‘फर्स्ट अमेरिकन’ या मालमत्ता-विमा क्षेत्रातील बड्या कंपनीच्या संकेतस्थळाविषयी लिहिले. घरखरेदीची कागदपत्रे पाहण्यासाठी ग्राहकाला एक दुवा मिळत असे आणि त्यात कागदाचा क्रमांक असे. तो क्रमांक एकाने वाढवला की पुढच्या माणसाचा कागद उघडत असे. बँक खात्यांचे क्रमांक, कर्जाची कागदपत्रे, वाहनपरवान्यांची छायाचित्रे अशा सुमारे ८८.५ कोटी नोंदी, २००३ सालापर्यंत मागे जाणाऱ्या, अशा रीतीने उघड्या होत्या. ‘हा कागद मागणाऱ्याचा आहे काय?’ हा एक प्रश्न त्या संकेतस्थळाने विचारलाच नव्हता. नोव्हेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय नियामकाने या कंपनीकडून दहा लाख डॉलरचा दंड वसूल केला.

नवख्या आज्ञावलीकारांकडून होणारी नेहमीची चूकही याच जातीची आहे. ज्याला अधिकार नाही त्याला ‘खोडा’ हे बटण दिसू नये, अशी व्यवस्था ते करतात आणि तपासणी झाली असे समजतात. बटण लपवल्याने अधिकार जात नाही. ज्याला पत्ता माहीत आहे तो बटणाशिवायही विनंती पाठवू शकतो. खरी तपासणी सर्व्हरवर, कृती घडण्याच्या क्षणीच व्हावी लागते.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली माहितीच्या संरक्षणावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात आठ तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूकडे जाणारी प्रत्येक वाट तपासणीतूनच गेली पाहिजे, हे त्यांपैकी एक. आपल्याकडे हे तत्त्व समजावून देण्यास निबंधाची गरज नाही. रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका पुरेशी आहे. सूर्यास्तानंतर दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही आणि तरीही तान्ह्या बाळाच्या ओढीने ती माउली रात्री कडा उतरून घरी गेली. महाराजांनी तिचे कौतुक केले आणि त्या जागी बुरूज बांधवला, असे ही आख्यायिका सांगते. मातृप्रेमाची म्हणून आपण ती सांगतो. पण दरवाजावरचा पहारा चोख असला तरी गडाला दुसरी वाट असू शकते, हे तीत राज्यकर्त्याने ओळखले आहे. आपल्या संकेतस्थळांना असे कडे किती आहेत, याची मोजदाद फार थोड्या संस्थांनी केली आहे.

भलत्याच्या नावाने

दुसरा प्रकार समजण्यास किंचित कठीण आहे. नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञाने १९८८ साली एका छोट्या लेखात त्याला ‘गोंधळलेला मुनीम’ या अर्थाचे नाव दिले. टाइमशेअर या कंपनीच्या संगणकावर एक भाषांतरक आज्ञावली होती. वापराची आकडेवारी लिहिता यावी म्हणून तिला एका राखीव दप्तरात लिहिण्याचा खास अधिकार दिला होता. त्याच दप्तरात ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. वापरणाऱ्याने आपला तपशील कोणत्या फायलीत लिहावा हे सांगताना बिलांच्या फायलीचे नाव दिले. त्याला स्वतःला त्या फायलीला हात लावण्याचा अधिकार नव्हता, पण आज्ञावलीला होता. संगणकाने आज्ञावलीचा अधिकार पाहिला, परवानगी दिली आणि बिले पुसली गेली. मालकाची किल्ली जवळ बाळगणाऱ्या मुनिमाने गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तिजोरी उघडावी, तसे हे झाले.

शेअरपॉइंटवर काम करणाऱ्यांना हा पेच चांगलाच परिचित आहे. दुसऱ्या व्यक्तीला कोणते अधिकार आहेत, हे आज्ञावलीतून विचारायचे, तर विचारणाऱ्यालाच परवानग्या पाहण्याचा अधिकार असावा लागतो. सामान्य कर्मचाऱ्याला तो नसतो. त्याच्या नावाने चालणारी आज्ञावली मग ‘प्रवेश नाकारला’ असे सांगून थांबते. यावर उपाय म्हणून आज्ञावलीचा तेवढा भाग प्रणालीच्या स्वतःच्या सर्वाधिकारी खात्याने चालवण्याची सोय आहे. घाईत असलेला आज्ञावलीकार ही सोय वापरतो. सापळा नेमका येथे आहे. सर्वाधिकारी खात्याने संकेतस्थळ नव्याने उघडले आणि ‘सध्याच्या वापरकर्त्याला परवानगी आहे काय?’ असे विचारले, तर तो सध्याचा वापरकर्ता खुद्द प्रणालीच असते. उत्तर दर वेळी ‘हो’ येते. चाचणीत सारे सुरळीत चालते, कोठेही अडत नाही आणि त्यामुळेच दोष लक्षात येत नाही. प्रश्न विचारताना ज्याच्यासाठी विचारतो त्या व्यक्तीचे नाव स्पष्टपणे दिले पाहिजे आणि वाढीव अधिकार त्या एका प्रश्नापुरताच वापरला पाहिजे. हे पथ्य पाळले नाही, तर तपासणी हा केवळ उपचार उरतो.

हार्डी यांच्या लेखाला चार दशके होत आली असताना हाच पेच नव्या रूपात पुढे आला आहे. आता कार्यालयात कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आले आहेत. कर्मचारी प्रश्न विचारतो आणि सहायक त्या कर्मचाऱ्याच्या अधिकारात त्याची पत्रे, फायली व संदेश धुंडाळून उत्तर देतो. जून २०२५मध्ये ‘एम लॅब्ज’ या संशोधक गटाने मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट’ या सहायकातील ‘एकोलीक’ नावाचा दोष जाहीर केला. बाहेरच्या माणसाने केवळ एक ईपत्र पाठवायचे. त्यात सहायकासाठी छुप्या सूचना ठेवायच्या. कर्मचाऱ्याने ते पत्र उघडण्याचीही गरज नव्हती. पुढे कधीतरी त्याने सहायकाला संबंधित प्रश्न विचारला की, सहायक ते पत्र संदर्भ म्हणून वाचणार, त्यातील सूचना पाळणार आणि गोपनीय मजकूर बाहेर पाठवणार. मायक्रोसॉफ्टने हा दोष दुरुस्त केला आणि कोणत्याही ग्राहकाला त्याचा फटका बसला नसल्याचे सांगितले. पण धडा स्पष्ट आहे. सहायकाने कोणताही नियम मोडला नव्हता. ज्या फायली त्याने पाहिल्या त्या पाहण्याचा कर्मचाऱ्याला अधिकार होता. आदेश मात्र त्या कर्मचाऱ्याचा नव्हता.

वेळ चुकली तर

परवानगीला वेळेचेही परिमाण असते. गूगलने २०१९ साली आपल्या ‘झांझिबार’ या यंत्रणेची माहिती एका शोधनिबंधातून प्रसिद्ध केली. ड्राइव्ह, कॅलेंडर, फोटोज, यूट्यूब अशा सेवांमध्ये कोणी काय पाहावे, हे ही एकच यंत्रणा ठरवते. अब्जावधी लोकांच्या वापरासाठी लाखो कोटींहून अधिक परवानग्या ती सांभाळते आणि सेकंदाला लाखो प्रश्नांची उत्तरे देते. शंभरातील पंच्याण्णव उत्तरे दहा मिलिसेकंदांच्या आत मिळतात. इतका वेग हवा तर याद्यांच्या प्रती जगभर ठेवाव्या लागतात, आणि प्रती आल्या की काही प्रती जुन्या राहणार हेही आले.

त्यातून उद्भवणाऱ्या अडचणीला या निबंधात ‘नवा शत्रू’ म्हटले आहे. समजा, एका दप्तराच्या यादीतून सकाळी दहा वाजता एका व्यक्तीचे नाव काढले. दहा वाजून एका मिनिटाने दुसऱ्या कोणी त्या दप्तरात नवा गोपनीय कागद ठेवला. यंत्रणेने जुन्या यादीवरून उत्तर दिले, तर काढलेल्या माणसाला तो नवा कागद दिसेल. म्हणून कागद बदलला त्या क्षणाची खूण कागदासोबत ठेवायची आणि तपासणी किमान तेवढ्या ताज्या यादीवरच करायची, असा उपाय गूगलने योजला. सकाळी दिलेली परवानगी दुपारी खरी असेलच असे नाही, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. पण हा प्रश्न यंत्राच्या वेगाने सुटतो तो केवळ यादी बदलल्यानंतर. यादी बदलायचीच राहून गेली, तर मिलिसेकंदांचा काय उपयोग?

यादीच खोटी असेल तर

येथे चौथ्या आणि माझ्या मते सर्वात गंभीर प्रकाराकडे यावे लागते. आज्ञावली यादी वाचते. ती यादी बरोबर आहे की नाही, हे तिला कळत नाही.

शेअरपॉइंटमध्ये एखाद्या दप्तराचा वरून येणारा वारसा तोडला की, त्या वेळची यादी तेथे नकलून ठेवली जाते. त्यानंतर वरच्या पातळीवरून एखाद्याचे नाव काढले, तरी खालच्या यादीत ते तसेच राहू शकते. एका यादीतील किंवा ग्रंथालयातील अशा स्वतंत्र परवानग्यांची कमाल मर्यादा मायक्रोसॉफ्टने ५० हजार ठेवली असली, तरी त्या पाच हजारांच्या आत ठेवाव्यात, असा तिचाच सल्ला आहे. पाच हजार वेगवेगळ्या परवानग्या कोणत्या अधिकाऱ्याच्या ध्यानात राहतील? बदली झालेला, निवृत्त झालेला, कंत्राट संपलेला माणूस यादीत राहून जातो. ‘तूर्तास सर्वांना देऊन टाका, नंतर पाहू’ असे म्हणून दिलेली परवानगी कायमची होते. कार्यालयात कोणीही न उघडलेली ती फाइल आजवर केवळ कोणाच्या लक्षात न आल्यामुळे सुरक्षित होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाने ही निद्रिस्त सुरक्षितता संपवली. तो वापरकर्त्याच्या अधिकाराबाहेर जात नाही, हे खरे. पण अधिकाराच्या आत असलेले सारे तो क्षणात शोधून काढतो. वेतनाची यादी चुकून सर्वांसाठी उघडी राहिली असेल, तर पूर्वी ती सापडायला योगायोग लागत असे. आता एक प्रश्न पुरतो. या भीतीपोटी अनेक संस्थांनी सहायक सुरू करण्याआधी परवानग्यांची साफसफाई हाती घेतली. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२४ साली सहायकाचा शोध फार तर शंभर निवडक संकेतस्थळांपुरता मर्यादित ठेवण्याची तात्पुरती सोय दिली. याद्यांची स्थिती किती बिकट आहे, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

भारतातील एक उदाहरण येथे आठवते. जानेवारी २०१८मध्ये ‘द ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने, अवघ्या ५०० रुपयांत आधारधारकांचा नाव-पत्त्यासारखा तपशील पाहण्याची सोय विकली जात असल्याचे वृत्त दिले. आधार प्राधिकरणाने बोटांचे ठसे वगैरे जैविक माहिती सुरक्षित असल्याचे आणि तक्रारनिवारणासाठी नेमलेल्या व्यक्तींना दिलेल्या शोधसुविधेचा हा गैरवापर असल्याचे म्हटले. प्राधिकरणाचे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष चिंताजनक आहे. संगणकाने प्रश्न विचारला होता, ‘या खात्याला ही माहिती पाहण्याचा अधिकार आहे काय?’ उत्तर ‘हो’ होते आणि यादीनुसार ते बरोबरही होते. खाते कोणाच्या हाती गेले आहे, हे मात्र यादीला ठाऊक नव्हते.

कायदा आणि कार्यालय

आपल्या देशात या विषयाला आता कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनांची खबर सहा तासांत देणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. संसदेने २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा मंजूर केला आणि नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. माहिती पाहण्यावर योग्य नियंत्रण ठेवणे, कोणी काय पाहिले याच्या नोंदी ठेवणे, त्यांची तपासणी करणे आणि त्या किमान वर्षभर जपणे, हे या नियमांत स्पष्टपणे नमूद आहे. वाजवी सुरक्षा राखण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संस्थांवरील मुख्य बंधने लागू होण्यास अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

ही मुदत तयारीसाठी आहे. ती नवी यंत्रे विकत घेण्यात खर्च होईल, अशी भीती वाटते. परवानगीचा प्रश्न आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान विभागाचा मानला जातो. कोणाला कोणती फाइल दिसावी, हे तेथील तरुण अभियंत्याला विचारले जाते. त्याला कसे ठाऊक असणार? दवाखान्यातील केसपेपर कोणी पाहावा, हे डॉक्टरांनी ठरवायचे. विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी कोणी बदलावी, हे परीक्षा विभागाने सांगायचे. कर्जदाराचे उत्पन्न कोणाला दिसावे, याचे उत्तर बँकेच्या शाखाधिकाऱ्याकडे असते. अभियंत्याचे काम ते उत्तर यंत्रात अचूक उतरवणे आणि प्रत्येक वाटेवर ते विचारले जाईल, याची काळजी घेणे एवढे आहे. जगभरच्या कंपन्यांसाठी अशा आज्ञावली लिहिणाऱ्यांची मोठी फौज पुण्या-मुंबईत आहे. आपल्या हातून लिहिली गेलेली एक ओळ कोणाचा तरी गुप्त कागद राखते किंवा उघडा करते, याचे भान त्यांनीही बाळगले पाहिजे.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. ज्याच्यासाठी ‘हो’ असे स्पष्ट लिहिलेले नाही त्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळावे; हेही सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ सालीच सांगितलेले तत्त्व आहे. प्रश्न कृतीच्या क्षणी, सर्व्हरवर आणि मागणाऱ्याच्या नावाने विचारला जावा. आज्ञावलीची चाचणी घेताना अधिकार असलेल्याला दार उघडते काय, एवढे पाहून थांबू नये. अधिकार नसलेल्याला ते बंद राहते काय, हे आधी पाहावे. प्रत्येक सामायिक दप्तराला नावानिशी एक मालक असावा आणि त्याने दर तिमाहीला आपली यादी वाचून खाली सही करावी. बदली-निवृत्तीच्या आदेशाबरोबरच परवानग्या काढल्याची नोंद व्हावी. शेवटच्या दोन गोष्टींसाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही. आस्थापना शाखेतील कारकून त्या करू शकतो.

आडनाव, पत्ता, आजार, उत्पन्न, जमिनीचा तुकडा अशी आपली सारी ओळख आता कोणत्या ना कोणत्या सामायिक दप्तरात जमा आहे. ती देताना आपल्याला क्वचितच पर्याय असतो. तिची यादी सांभाळणाऱ्याला मात्र नेहमीच असतो. ‘माझा कागद कोणाकोणाला दिसतो?’ असे नागरिकाने विचारले, तर कार्यालयाला त्या क्षणी उत्तर देता आले पाहिजे. आज किती कार्यालये ते देऊ शकतील, याची चाचणी कायद्याची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक संस्थाप्रमुखाने आपल्याच टेबलावरील एका फायलीपासून घ्यावी.